दुधाशिवाय कॅल्शियम : तक्त्यातले आकडे आणि अंगी लागणारे आकडे

पारिजातक

नमस्कार. माझे वय 47 असून दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असल्यामुळे दूध, दही, लोणी, चीज यांपैकी काहीही मला चालत नाही. गेली सहा-सात वर्षे मी कॅल्शियमचा हिशेब वहीत लिहून ठेवते आणि तो बऱ्यापैकी जमला आहे, अशा समजुतीत होते. रक्ततपासणीत कॅल्शियम 9.4 आले, म्हणजे अगदी मधोमध, त्यामुळे ती समजूत पक्की झाली होती. गेल्या महिन्यात मात्र दुसऱ्या एका कारणाने हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली आणि मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेशी केलेली तुलना, उणे 1.6 आला. हा अस्थिविरळता म्हणण्याइतका वाईट नाही, कारण ती उणे 2.5 पासून मोजतात, पण उणे 1 च्या खाली असल्यामुळे घनता कमी आहे असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

माझ्या वहीतला रोजचा हिशेब असा आहे. शिजवलेला पालक 200 ग्रॅम, त्याचे 272 मिलिग्रॅम. पांढरे तीळ 20 ग्रॅम, त्याचे 195. बदाम 30 ग्रॅम, त्याचे 80. घरी बदाम वाटून आणि गाळून केलेले बदामदूध 250 मिलिलिटर, त्याचे 300. एकूण 847 मिलिग्रॅम झाले, आणि रोज लागणाऱ्या 1000 मिलिग्रॅमपैकी उरलेले बाकीच्या जेवणातून भरून निघत असेल असे मी गृहीत धरले होते. डॉक्टरांचे उपचार चालू आहेतच, त्याबद्दल माझा प्रश्न नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा हिशेब बरोबर असेल तर हाडांपर्यंत काय पोचत नाही, आणि चूक असेल तर नेमका कुठे चुकला आहे?

काटेकोर

पारिजातक, बेरीज बरोबर आहे, पण चारही ओळींमध्ये काही ना काही गोम आहे. एकेक ओळ घेतो.

सगळ्यांत आधी पालक. त्यात कॅल्शियम आहे हे खरे, परंतु त्याच पानांत ऑक्झलेटही भरपूर असते आणि ते कॅल्शियमला असे घट्ट धरून ठेवते की आतड्याला ते सुटे करून घेता येत नाही. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुधातील कॅल्शियम सुमारे 28 टक्के शोषले गेले, तर पालकातील जेमतेम 5 टक्के. म्हणजे तुमच्या 272 मिलिग्रॅमपैकी सुमारे 14 मिलिग्रॅम अंगी लागले. उकळून पाणी फेकून दिले तर विरघळणारे ऑक्झलेट बऱ्यापैकी कमी होते, पण जे कॅल्शियम आधीच ऑक्झलेटशी जखडले गेले आहे ते विरघळत नाही आणि पानातच राहते. पालक इतर अनेक गोष्टींसाठी अवश्य खावा, पण कॅल्शियमच्या वहीत त्याची ओळ जवळजवळ शून्यच धरावी. राजगिऱ्याची पाने आणि बीटची पाने यांचीही गत हीच आहे.

दुसरी ओळ तिळाची. तुम्ही वापरलेला 100 ग्रॅमला 975 मिलिग्रॅम हा आकडा टरफलासह असलेल्या अख्ख्या तिळाचा आहे. तिळातील बहुतेक कॅल्शियम त्या पातळ टरफलात असते आणि टरफल काढलेल्या तिळात 100 ग्रॅमला फक्त 60 मिलिग्रॅमच्या आसपास उरते. तुमचे पांढरे तीळ चकचकीत, एकसारखे आणि मऊसर असतील तर ते बहुधा टरफल काढलेलेच असणार, आणि मग 195 च्या जागी 12 लिहावे लागतील.

बदामाची ओळ चारही ओळींत सर्वांत प्रामाणिक म्हणायला हवी. 80 मिलिग्रॅम हे बरोबर आहे आणि त्यातील सुमारे 21 टक्के, म्हणजे 17 मिलिग्रॅम, अंगी लागतात.

राहिले बदामदूध. इथे तुम्ही गायीच्या दुधाचा आकडा बदामदुधाला लावला आहे, आणि ही चूक फार जणांकडून होते, कारण नावात दूध आहे आणि रंगही दुधाचाच आहे. गाळलेल्या घरगुती बदामदुधात मुख्यतः पाणी असते, बदाम थोडेच असतात आणि चोथ्याबरोबर त्यांतलाही मोठा वाटा निघून जातो. बाहेरून कॅल्शियम मिसळलेले नसेल तर या ओळीत नाव घेण्यासारखे काही उरत नाही.

आता पुन्हा बेरीज करा. 847 च्या जागी अन्नघटकांच्या तक्त्याप्रमाणे 364 येतात आणि त्यांपैकी अंगी लागणारे 30 ते 35 भरतात. बाकीच्या जेवणातून आणि पाण्यातून काही मिळत असणार, पण ज्या चार गोष्टींवर तुमचा भरवसा होता त्यांनी तुम्हाला जवळजवळ काहीच दिलेले नाही.

पारिजातक

सात वर्षे तो पालक मी कर्तव्य म्हणून खात होते, आवडीने नव्हे. तिळाची पिशवी आत्ताच पाहिली, त्यावर बारीक अक्षरांत टरफल काढलेले असे लिहिले आहे. पण मग रक्तातले 9.4 कुठून आले?

मध्यमा

मी आहारशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. रक्तातील कॅल्शियमची पातळी आपण किती खातो हे दाखवतच नाही. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश या सगळ्यांना ती पातळी स्थिर लागते, म्हणून शरीर ती कोणत्याही परिस्थितीत ढळू देत नाही. ती किंचित जरी खाली आली, तरी मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि ते तीन ठिकाणांहून भरपाई करवते : मूत्रपिंडाला कॅल्शियम कमी सोडायला लावते, ड जीवनसत्त्व कार्यरत करून आतड्याचे शोषण वाढवते आणि तरीही कमी पडले तर हाडांतून काढून घेते. प्रौढ शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील 99 टक्के हाडांत आणि दातांत असते. त्यामुळे हाडांची तिजोरी वर्षानुवर्षे रिकामी होत असतानाही रक्ताचा अहवाल नीटनेटका येत राहतो. कॅल्शियम अपुरे आहे की नाही हे पाहायचे असेल तर आहाराचा हिशेब, ड जीवनसत्त्वाची पातळी आणि गरजेप्रमाणे डेक्सा असे एकत्र पाहावे लागते.

काटेकोर यांच्या हिशेबाला एक पुरवणी जोडते. शोषणाचे टक्के दगडावरच्या रेघेसारखे नसतात. एका वेळी थोडे कॅल्शियम आले तर त्याचा मोठा हिस्सा शोषला जातो आणि एकदम पुष्कळ आले तर लहान हिस्सा. शिवाय आहार सतत तुटपुंजा असेल तर शरीर शोषण थोडे वाढवते, मात्र त्याने सगळी तूट भरून निघत नाही. म्हणून हे आकडे पदार्थांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी वापरावेत, आपल्या पोटात नेमके काय झाले याचा जमाखर्च म्हणून नव्हे.

शंकेखोर

एक मूलभूत शंका आहे. 1000 मिलिग्रॅमचा हा आकडा आला कुठून? ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी 700 सांगतात, युरोपीय संघात 950 सांगतात आणि अमेरिकेत 1000. हाडे तर सगळ्यांची सारखीच असतात.

मध्यमा

शंका योग्य आहे. फरक हाडांत नसून पद्धतीत आहे. शरीरातून रोज लघवी, मल आणि घामावाटे जे कॅल्शियम जाते ते भरून काढण्यासाठी किती खावे लागेल, असा तो हिशेब असतो. त्यात कोणते प्रयोग धरले आणि सुरक्षिततेसाठी वर किती जोडले, यावरून आकडा बदलतो. अमेरिकेच्या शिफारशीत 51 वर्षांवरील स्त्रियांना आणि 71 वर्षांवरील पुरुषांना 1200, तर 9 ते 18 या वाढत्या वयात 1300 सांगितले आहे.

दुग्धजन्य पदार्थ अजिबात न खाणाऱ्यांच्या दृष्टीने मला एका वेगळ्या पुराव्याचे महत्त्व अधिक वाटते. ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड या मोठ्या पाहणीच्या 2007 सालच्या विश्लेषणात पूर्ण शाकाहारी, म्हणजे दूध आणि अंडीही न घेणाऱ्या लोकांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण सुमारे 30 टक्के अधिक दिसले, पण ज्यांच्या आहारात रोज किमान 525 मिलिग्रॅम कॅल्शियम होते तेवढेच लोक घेतले तेव्हा हा फरक उरला नाही. त्याच पाहणीचे अधिक वर्षांचे विश्लेषण 2020 साली आले. त्यात हा गट पुन्हा अधिक धोक्यात दिसला, विशेषतः खुब्याच्या हाडाबाबत, आणि कॅल्शियम, प्रथिने व शरीराचे वजन यांचा परिणाम वजा केल्यावर फरक कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. यावरून दूध सोडले की हाडे मोडतात असे कुणी म्हटले तर ते चुकीचे होईल. पण दुधाच्या जागी काहीच न ठेवणे महाग पडते, आणि कॅल्शियम भरले तरी प्रथिने व वजन यांकडे दुर्लक्ष केले तर काम अर्धवट राहते, एवढे निश्चित म्हणता येते.

रानवारा

गाय स्वतः कुठे दूध पिते? ती गवतच खाते आणि तिची हाडे भक्कम असतात. मग आपल्याला एवढे गणित कशाला हवे?

काटेकोर

गाय रोज कित्येक किलो हिरवा चारा खाते, दिवसाचे बरेच तास त्यातच घालवते आणि तिला चार कप्प्यांचे पोट आहे. आपल्याला तेवढा वेळही नाही आणि तेवढे पोटही नाही. पण तुमच्या बोलण्यातला धागा पकडून सांगतो, की पानांतून कॅल्शियम उत्तम मिळू शकते, फक्त पाने निवडून घ्यावी लागतात. कोबी आणि मोहरीच्या कुळातील भाज्यांमध्ये ऑक्झलेट फार कमी असते. केलमधील कॅल्शियम सुमारे 49 टक्के, पाक चोयमधील 54 टक्के आणि ब्रोकोलीमधील 61 टक्के शोषले गेल्याचे आढळले आहे, म्हणजे दुधापेक्षाही सरस. मोहरीची आणि शलगमची पाने याच कुळातली. ब्रोकोलीची अडचण वेगळी आहे : शोषण उत्तम, पण शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये मुळात 40 मिलिग्रॅमच कॅल्शियम असते, त्यामुळे केवळ तिच्यावर दिवस काढता येत नाही.

अल्पविराम

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नाचणी आणि चिया बियांचे आकडे फार मोठे दिसतात, त्यांवर किती विसंबावे? आणि मला दुधाची ॲलर्जी नाही, फक्त दूध प्यायले की पोट फुगते, तर मलाही सगळे सोडावे लागेल का?

मध्यमा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुमचे लक्षण लॅक्टोज न पचण्याचे असू शकते. पारिजातक यांची ॲलर्जी ही प्रथिनांना रोगप्रतिकारशक्तीने दिलेली प्रतिक्रिया आहे आणि तिच्यात एक चमचाही धोक्याचा ठरू शकतो. लॅक्टोज न पचणे हा मात्र आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी असण्याचा प्रश्न आहे. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ते कमी होते आणि तरीही त्यांतील अनेकांना जेवणाबरोबर थोडे दूध, दही किंवा मुरलेले चीज सोसते. तपासणी न करता सगळे सोडून देऊ नका.

नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम आणि चियामध्ये 630 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे आहे. दोन्हींत फायटेटही आहे आणि तेही कॅल्शियमला अडवते, पण ऑक्झलेटइतके कठोरपणे नव्हे. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे यांनी फायटेट कमी होते. ती अवश्य खावीत, फक्त तक्त्यातला आकडा जसाच्या तसा वहीत उतरवू नये. शिवाय चिया कुणी 100 ग्रॅम खात नाही. दोन चमच्यांचा हिशेब करावा.

काटेकोर

व्यवहारात दिवसाचा भार पेलणारे पदार्थ माझ्या मते दोनच आहेत : टोफू आणि कॅल्शियम घातलेले सोयादूध. बाकी सगळे त्यांच्या हाताखाली काम करतात.

टोफू घेताना घटकांची यादी वाचणे भाग आहे. सोयाबीनचे दूध घट्ट करण्यासाठी कॅल्शियम सल्फेट किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरले असेल तर 100 ग्रॅममध्ये 350 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक कॅल्शियम मिळू शकते आणि त्यातील सुमारे 31 टक्के शोषले जाते, म्हणजे दुधाच्या बरोबरीने. मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे निगारी वापरून केलेल्या टोफूत कॅल्शियम बरेच कमी असते. वेष्टनावर नावाऐवजी क्रमांक असतील तर 516 म्हणजे कॅल्शियम सल्फेट, 509 म्हणजे कॅल्शियम क्लोराइड आणि 511 म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. दोन्ही टोफू दिसायला सारखेच असतात.

सोयादुधात साधारणपणे 100 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम कॅल्शियम मिसळलेले असते, म्हणजे गायीच्या दुधाइतकेच. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असेल तर शोषणही गायीच्या दुधासारखेच होते, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात असेल तर दुधाच्या सुमारे तीन चतुर्थांश होते. मात्र हे कॅल्शियम जड असते आणि खाली बसते. खोका न हलवता वरचे वरचे ओतून घेतले तर आठवडाभर पांढरे पाणी प्यायल्यासारखे होते आणि कॅल्शियम तळाशी गाळात राहून शेवटी मोरीत जाते. दर वेळी जोराने हलवावे.

जे मासे खातात त्यांच्यासाठी काट्यांसह डबाबंद सार्डीन हा उत्तम मार्ग आहे, 100 ग्रॅममध्ये सुमारे 380 मिलिग्रॅम. काटे काढून टाकले की कॅल्शियमही गेले. हाडे उकळून केलेल्या सुपाबद्दल फार बोलले जाते, पण त्यात कपभर प्यायले तरी नगण्यच कॅल्शियम उतरते.

शंकेखोर

एवढे सगळे करण्यापेक्षा रोज एक गोळी घ्यावी आणि मोकळे व्हावे, यात गैर काय?

मध्यमा

आहारातून भरत नसेल तर गोळीत गैर काही नाही. माझा आक्षेप मोकळे होण्याला आहे. डबीवर 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅम असते, कारण कार्बोनेटमध्ये ते 40 टक्के आणि सायट्रेटमध्ये 21 टक्के असते. कार्बोनेटला पोटातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यावे. आम्ल कमी करणारी औषधे नियमित घेणाऱ्यांना डॉक्टर बहुधा सायट्रेट सुचवतात. एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर घेतल्यास शोषणाचा वाटा घसरतो, त्यामुळे सकाळी एकदम 1000 घेणे ही उधळपट्टी आहे.

आता परिणामांविषयी. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत 36,282 स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 एकक ड जीवनसत्त्व दिले गेले. 2006 साली आलेल्या निष्कर्षांत खुब्याच्या घनतेत थोडी सुधारणा दिसली, खुब्याचे हाड मोडण्याच्या प्रमाणातील घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही, आणि मुतखड्याचा धोका 17 टक्के वाढला. म्हणून आहारातील तूट मोजावी आणि गोळी त्या तुटीपुरतीच घ्यावी.

अल्पविराम

मुतखड्याचा उल्लेख झालाच आहे म्हणून विचारतो. मला दोनदा मुतखडा झाला आहे आणि तेव्हापासून घरातील सगळे मला कॅल्शियमपासून चार हात लांब ठेवतात. त्यांचे म्हणणे असे, की खडा कॅल्शियमचाच असतो.

मध्यमा

हा गैरसमज एकेकाळी वैद्यकातही होता. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरे, पण अन्नाबरोबर आलेले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून मलावाटे बाहेर नेते. कॅल्शियम कमी केले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जाते. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षे चाललेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसे कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांसाहार असलेल्या गटाला कमी कॅल्शियमच्या गटापेक्षा निम्म्याच्या आसपास वेळा खडा पुन्हा झाला. तेव्हा कॅल्शियम जेवणाबरोबर असू द्या आणि पालक व बदाम यांना आवर घाला. गोळीचा निर्णय मात्र खड्याचा प्रकार तपासून डॉक्टरांनीच करायचा आहे.

पाणवठा

पाणी आणि मीठ यांच्याकडे कुणी फारसे पाहिलेले नाही. पाणी जड असेल, म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर दोन लिटरमागे 200 मिलिग्रॅम विनासायास मिळतात आणि पाण्यातील कॅल्शियम दुधासारखेच चांगले शोषले जाते. क्षार काढून टाकणाऱ्या शुद्धीकरण यंत्रातून तेच पाणी गेले तर ही कमाई जवळपास संपते. मिठाचा व्यवहार याच्या उलट आहे : साधारण सहा ग्रॅम मिठामागे लघवीतून 20 ते 40 मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. हे ऐकायला थोडे वाटते, पण पारिजातक यांच्या जुन्या वहीतील सगळी कमाई तेवढीच होती हे लक्षात घ्या.

काटेकोर

पाणवठा यांनी नेमका घाव घातला. त्या मानाने चहा-कॉफीचा बाऊ अधिक होतो, कपामागे दोन-तीन मिलिग्रॅमपलीकडे नुकसान होत नाही. ड जीवनसत्त्व मात्र विसरू नये. ते फार कमी असेल तर शोषण 10 ते 15 टक्क्यांवर येते आणि वरचे सगळे टक्के निरर्थक ठरतात.

पारिजातक

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. ड जीवनसत्त्व तपासले, ते कमी निघाले आणि त्यावर औषध सुरू झाले. नवी वही अशी आहे : कॅल्शियम घातलेले सोयादूध 400 मिलिलिटर, दोन वेळांत विभागून, 480 मिलिग्रॅम. 516 क्रमांकाचा टोफू 100 ग्रॅम, 350. शिजवलेला पांढरा राजमा 150 ग्रॅम, 135. टरफलासह तीळ एक मोठा चमचा, 88. बदाम मूठभर, 75. ब्रोकोली 150 ग्रॅम, 60. तक्त्याची बेरीज 1188 येते आणि शोषणाचे टक्के लावले तर साधारण 350 अंगी लागतात, म्हणजे जुन्या वहीच्या दहापट. मध्यमा यांची सूचना लक्षात आहे, हा अंदाज आहे, पावती नव्हे. पालक आता आवड झाली तरच खाणार.

एकच अडचण उरली आहे. मी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि अर्ध्या तासाने सोयादूध पिते. हे चालेल का?

मध्यमा

चालणार नाही. कॅल्शियम आणि सोया दोन्ही थायरॉक्सिनचे, म्हणजे तुमच्या गोळीतील संप्रेरकाचे, शोषण कमी करतात. कॅल्शियमच्या गोळीपासून तर चार तासांचे अंतर ठेवायलाच सांगतात आणि कॅल्शियम घातलेल्या सोयादुधालाही तोच नियम लावलेला बरा. सोयादूध दुपारी आणि रात्री घ्या, न्याहारीला राजमा किंवा दुसरे काही असू द्या. आहारात सोया एवढे वाढले आहे हे डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करून घ्या, कारण गोळीची मात्रा बदलावी लागू शकते.

पारिजातक

आभारी आहे. उद्यापासून सकाळचा पेला दुपारी सरकवते. आजचा खोका हलवायला विसरले होते, तेवढा गाळ आता चमच्याने ढवळून संपवत आहे.